उत्तम मास्तरच्या जबानीतले पाठभेद

आदिलाबादच्या कचेरीच्या आवारात किस्से साचत जातात. सांगणारा बदलला की तपशील बदलतो. उत्तम मास्तरच्या हकिकतीचे तीन पाठ माझ्या ऐकण्यात आहेत. एकात तो जहाजाने पळाला, दुसऱ्यात विमानाने; तिसऱ्यात तो गेलाच नाही! ठाण्यात त्याच्या तळपायांवर काठ्या बसल्या, हे मात्र तिन्हींत समान. पुढचे मी स्वतः पाहिले आहे.

मजुरांना अर्ज लिहून दिला, म्हणून या शाळामास्तरला चार दिवस डांबले होते. सुटल्यावर तो परदेशी गेला आणि तिथे त्याने आसरा मागितला: परत धाडले तर पुन्हा तोच छळ होईल. पुरावे इथून पाठवायचे होते. वकील गंगाधरराव, टायपिस्ट रज्जाकमियाँ आणि भाषांतराला मी.

*

डॉक्टरांकडे उत्तमच्या जखमांचा दाखला मागितला. ते सौजन्याने म्हणाले, "देतो की! पोलिसांनी मारलं, असं पोलिसांकडून लिहून आणा!"

*

उत्तमची आई, कौसाबाई, हिने जबानी दिली : "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नेलं जी त्याले." पुन्हा विचारल्यावर म्हणाली, "बाजाराच्या दिवशी."

रज्जाकमियाँ म्हणाले, "प्रोफेसरसाब, एकच ठेवा ना!"

मी ऐकले नाही. निवेदकाचा शब्द गाळू नये, ही आमच्या लोककथाशास्त्राची शिस्त. एक दिवस मजकुरात, दुसरा तळटीपेत, 'पाठभेद' म्हणून! परदेशातल्या अधिकाऱ्याने आसरा नाकारला : आईचे म्हणणे विसंगत, सबब अविश्वसनीय.

नंतर मी जुने पंचांग उघडले. त्या वर्षी पोळ्याचा दुसरा दिवस बाजाराचाच होता.

*

तिथल्या कोर्टात फेरविचाराचा अर्ज गेला. मी पंचांगाचे पान पुढे केले.

"नवा कागद चालत नाही," गंगाधरराव म्हणाले. "मार बसला का, हे कोर्ट पाहतच नाही. समोरच्या कागदांवरून अधिकाऱ्यानं रीतसर विचार केला का, एवढंच पाहतं."

"अन् माह्या पोराले कोन पाह्यते?" कौसाबाईने विचारले.

रज्जाकमियाँनी मशीनवर कव्हर घातले.

*

अर्ज फेटाळला गेला. निकालपत्रात भाषांतर काटेकोर असल्याचा खास उल्लेख होता! गंगाधररावांनी माझे अभिनंदन केले. चेष्टेने की मनापासून, हे मी विचारले नाही.

*

उत्तमला परत पाठवले. हैदराबादहून आलेल्या बसमधून तो गावच्या फाट्यावर उतरला. कौसाबाई आणि मी घ्यायला गेलो होतो. चहाच्या टपरीवर ठाण्याचा जमादार बसला होता. त्याने कप खाली ठेवला, जवळ आला आणि आपुलकीने म्हणाला, "आले का मास्तर! तळपाय बरे झाले का?"