चिरेखाणीतला गाळ

कसालच्या वर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, जांभ्याचे चिरे काढून झालेली एक खाण रिकामी पडली होती. कुठल्याशा कारखान्याचे टँकर वर्षानुवर्षं तिथे तेलाचा काळा गाळ ओतून जात. खाण भरत आली तेव्हा ओरड झाली, टँकर थांबले आणि कारखान्याचा मालक नाहीसा झाला. गाळ उपसायचं काम ज्या ठेकेदाराला मिळालं, त्याच्याकडे मी नोकरीला होते. रसायनशास्त्र शिकलेली आणि गावची भाषा येणारी, म्हणून त्याने मला तिथे पाठवलं. खाणीच्या खालच्या अंगाला माझं आजोळ. घरात आता मामी एकटीच होती.

गाळ दुरून पाण्यासारखा चमकायचा. त्याला फसून बगळे उतरायचे. सकाळी कामावर गेलं की आधी काठीने ते ओढून काढायचे. एखादा जिवंत असायचा, पण पंख उचलता यायचे नाहीत. मग पोकलेन सुरू व्हायचा. गाळात भुसा आणि चुना कालवून तो घट्ट करायचा, आतून प्लास्टिक अंथरलेल्या ट्रकांत भरायचा, वर ताडपत्री बांधायची आणि ट्रक तळेऱ्याच्या दिशेने सोडायचे. मास्क लावूनही वास डोक्यात चढायचा. रात्री भातालाही तोच वास येतोय असं वाटायचं.

पावसाच्या आधी खाणीचा तळ लागला. कातळ खरवडून काढला, तेव्हा त्यातल्या भेगा दिसल्या. सगळ्या आतपर्यंत काळ्या.

पाऊस सरल्यावर मामीच्या विहिरीतल्या पाण्यावर तेलाची साय धरली. नमुने तपासले, पाणी उपसलं, पुन्हा तपासले. शेवटी आमचे साहेब म्हणाले, "विहीर बुजवावी लागेल. तुमच्याच नात्यातल्या आहेत ना? तुम्हीच सांगा."

मामी पडवीत सुपाऱ्या कातरत होती. मी सांगितलं. तिने अडकित्ता खाली ठेवला.

"तुझ्या मामान खणल्यान ती बाव. म्हायत आसा मां तुका?"

"आसा."

"मगे मी पाणी खंयसून हाडू?"

"टँकर येईल. नंतर नळ देतील." मला तिच्याशी मालवणीत बोलता आलं नाही. तोंडातून ऑफिसातलीच भाषा निघत होती.

तिने कातरलेली सुपारी बाजूला सारली. मग म्हणाली, "आदी तां कासव भायर काढा. मगे काय तां करा."

पाणी स्वच्छ राहावं म्हणून मामाने विहिरीत कासव सोडलं होतं. ते अजून जिवंत असेल असं मला वाटत नव्हतं. पण आमचा एक कामगार दोर बांधून उतरला आणि टोपलीतून ते घेऊन वर आला. पाठ काळी झालेली, डोळे चिकटलेले. मामीने भांड्याच्या साबणाने ते धुतलं, पदराच्या टोकाने डोळे पुसले. मग टोपली घेऊन ती शेजारी गेली. मी तिच्या मागोमाग होते.

शेजारीण चांगल्या स्वभावाची. पण टोपली पाहून ती दारातच उभी राहिली. "रागाव नको गो. आमच्या बावीत नको. पाणी खराब झाला तर आमी काय करूचा?"

पुढच्या दोन घरांतही तेच. त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता आलं नाही. असल्या कासवाला विहिरीत सोडावं की नाही, असं मला कुणी विचारलं असतं तर मीही नकोच म्हटलं असतं.

मामीने ते गुरांच्या दगडी दोणीत ठेवलं. टँकरचं पाणी आधी त्याला, मग स्वतःला. ते काही खाईना. विहिरीत मातीचे डंपर रिकामे होत होते, त्या आठवड्यातच ते मेलं. तिने ते माडाच्या मुळाशी पुरलं. माडही पिवळा पडत चालला होता.

खाणीची पाहणी झाली. जागा साफ झाल्याचा शेरा मिळाला. फोटो काढताना मला पुढे उभं केलं.

आता मी दुसऱ्या जिल्ह्यात अशाच कामावर आहे. मामीचा फोन येतो. परवा तिने विचारलं, "थंयसर खाली कोणाची बाव आसा काय?"

"आसा," मी म्हटलं.

फोन तिने लगेच ठेवला नाही.