गाईच्या पाठीवरचा हिरवा पट्टा

मागच्या वेळी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलं होतं की आपल्या फॅमिली ग्रुपवर रोज संध्याकाळी गाईच्या मागच्या बाजूचा फोटो का यायचा, आणि पुण्याची काकू त्याखाली दरवेळी हात जोडलेलं चित्र का टाकायची. फोनवर सांगायला गेले की आजोबा मधेच शिरून रंगाविषयी बोलू लागतात. म्हणून लिहून पाठवते आहे, आणि क्रमाने लिहिते.

आजोबांची मोठी बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, मानपुरला राहते. मी त्यांना वन्सं म्हणते. महूच्या पुढे, आग्रा-मुंबई हायवेला लागूनच त्यांचं घर आहे. पुढे ओटा, मागे गोठा, आणि समोर रस्त्यापलीकडे ट्रकवाल्यांचं चहा-पोह्याचं हॉटेल. यजमान गेल्यापासून त्या घरात वन्सं आणि त्यांची तांबडी गाय एवढ्याच राहतात. दोघी एकमेकींशी बोलतात. वन्सं जास्त बोलतात.

गेल्या वर्षी गाय आटली, आणि पुन्हा गाभण काही राहीना. वन्संचा मुलगा बेंगळुरूला कुठल्याशा फार वरच्या मजल्यावर राहतो. त्याने दसऱ्याला येऊन निकाल दिला. "आई, गाय दूध देत नाही, तुझे गुडघे चालत नाहीत. हे सगळं कोणासाठी करतेस? मी संक्रांतीला येतो. तोपर्यंत ती गाभण राहिली तर माझं काही म्हणणं नाही. नाही राहिली तर ती गोशाळेत आणि तू माझ्याकडे."

वन्सं त्याच्याकडे एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. तिथलं वर्णन त्या एकाच वाक्यात करतात. "खिडकीतून हाक मारली तर खालच्या माणसाला ऐकू येईपर्यंत तो घरी पोचतो." मुलाला त्या "बरं" म्हणाल्या आणि तो गेल्यावर मला फोन करून म्हणाल्या, "अगं, तू इंग्रजी वाचतेस. गाईचं काहीतरी वाच."

मी वाचलं. गाय गाभण राहायची तर ती माजावर कधी येते ते ओळखावं लागतं. माज म्हणजे फळायला तयार असण्याचा काळ. तो साधारण तीन आठवड्यांनी येतो आणि एखाद्या दिवसात निघूनही जातो. सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यायचं. इतर गाई हंबरून गाव गोळा करतात. वन्संची गाय मात्र घरंदाज, ती काही बोलत नाही. ह्याला मुका माज म्हणतात. मग एकच खात्रीची खूण उरते. दुसरी गाय पाठीवर चढली की माजावरची गाय पळत नाही, शांत उभी राहते. पण वन्संची गाय दिवसभर शेजाऱ्याच्या गाईंबरोबर चरायला जाते, आणि तिकडे काय घडतं ते बघायला कोणी नसतं.

ह्यावर परदेशातल्या मोठ्या गोठ्यांत एक उपाय करतात. शेपटीच्या मुळाशी, पाठीवर, रंगाचा एक पट्टा मारून ठेवायचा. दुसरी गाय चढली की तो घासला जातो. संध्याकाळी पट्टा गेलेला दिसला की समजायचं.

हे मी आजोबांना जेवताना वाचून दाखवलं, आणि त्यांनी ताटावरून तसंच उठून जिना चढायला सुरुवात केली. तुम्हाला माहीत आहे, त्यांची सगळी नोकरी सांवेर रोडवरच्या रंगाच्या कारखान्यात झाली. निवृत्तीनंतर लोकांच्या भिंतींना नावं ठेवण्यापलीकडे त्यांचा रंगाशी संबंध राहिला नव्हता. आता आमच्या मल्हारगंजच्या गच्चीवर वाट्या मांडल्या गेल्या. रंग उन्हाने सुटता कामा नये, दवाने जाता कामा नये, घासला तर मात्र गेला पाहिजे आणि गाईला त्याचा काही त्रास होता कामा नये. चाचणी माझ्या जुन्या घोंगडीवर झाली. शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली, "क्या चल रिया है भिया?" आजोबांनी मान वर न करता सांगितलं, "रिसर्च."

रंग हिरवा ठरला, कारण तांबड्यावर तो उठून दिसतो. आम्ही मानपुरला गेलो आणि आजोबांनी ब्रश चालवला. वन्सं कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"माझ्या गाईला ट्रकसारखं रंगवू नकोस रे."

"ताई, हे विज्ञान आहे."

"मग विज्ञान सरळ तरी मार. डावीकडे गेलंय."

वन्संनी रोज संध्याकाळी, गाय चरून आली की, पट्ट्याचा फोटो मला पाठवायचा असं ठरलं. वन्संना फोटो एकाच ठिकाणी पाठवता येतो, तो म्हणजे फॅमिली ग्रुप. म्हणून तुम्हाला ते दर्शन घडलं. पुण्याच्या काकूला वाटलं, वन्संनी गाईचं काही व्रत धरलं आहे.

दुसऱ्याच संध्याकाळी पट्टा नाहीसा. आम्ही आनंदाने रेतन करणाऱ्याला कळवलं. ह्या गृहस्थाला सगळे डॉक्टर म्हणतात, आणि तो प्रत्येकाला "डॉक्टर नी हूँ" असं बजावून मग डॉक्टरसारखं बोलतो. मोटारसायकलला थंडगार वायूचं नळकांडं बांधलेलं असतं, त्यात वळूचं रेत गोठवून ठेवलेलं. तो सकाळी आला, पट्टा गेलेला पाहिला, "रंग गया मतलब बात पक्की," असं म्हणून काम उरकून गेला.

आजोबांच्या सांगण्यावरून वन्संनी नवा पट्टा मारला. दोन दिवसांनी तोही गेला. मग रोजच जाऊ लागला. आजोबा म्हणाले, "गाय फारच उत्साही दिसते." मी म्हटलं, गाय रोज माजावर येते असं इंग्रजीत कुठेही लिहिलेलं नाही. त्यांनी रंग दाट केला. दाट रंगही गेला. डॉक्टर नसलेल्याला पुन्हा बोलावलं. त्याने हातमोजा चढवून तपासलं आणि वन्संकडे वळून म्हणाला, "माताजी, अंदर तो एकदम शांति है. पिछली बार भी शायद शांति ही थी." त्यानंतर फोन केला की तो एवढंच म्हणायचा, "पहले गाय से पक्का पूछ लो, फिर बुलाना."

दिवाळी झाली. एक दिवस फोटो आला नाही म्हणून मी फोन केला, तर कळलं की वन्सं लोणच्याच्या बरण्या वाटायला गेल्या होत्या. शेजारी एक, देवळाच्या पुजाऱ्याकडे एक, समोरच्या हॉटेलवाल्याला सगळ्यात मोठी. "तिकडे नेताना विमानात तेल सांडलं तर?" असं म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. मी फोन ठेवला आणि बॅग भरली. आम्ही दोघं मानपुरला राहायलाच गेलो.

पोचलो तेव्हा दुपार टळली होती आणि आजोबांना भूक लागली होती, म्हणून आधी समोरच्या हॉटेलात पोहे मागवले. हॉटेलवाल्याने प्लेटा ठेवल्या. त्याच्या कपाळावर हिरवा डाग होता. मी समजले, भाजी चिरताना लागला असेल. शेजारच्या बाकड्यावर दोन ट्रक ड्रायव्हर चहा पीत होते. त्यांच्याही कपाळावर हिरवे डाग. तेवढ्यात देवळाचे पुजारी बिडी पेटवायला काडेपेटी मागत आले. चंदनाच्या वर हिरवा डाग.

आजोबांचा चमचा हवेतच थांबला. ते उठले, एका ड्रायव्हरपाशी गेले आणि म्हणाले, "भिया, जरा उजाले में आना." ड्रायव्हर आला. आजोबांनी चष्मा वर केला, अंगठ्याने त्याचं कपाळ चोळलं आणि अंगठा बारकाईने पाहिला. ड्रायव्हरला वाटलं, म्हातारबाबा आशीर्वाद देताहेत. तो अदबीने वाकला. आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "हा माझा शेड आहे."

ड्रायव्हरने खुलासा केला. संध्याकाळी गाय चरून परतते ती हॉटेलसमोरूनच. गाईच्या मागच्या भागी लक्ष्मी असते, म्हणून जो तो तिथे हात लावून कपाळाला लावतो. पूर्वीही लावायचे, पण हल्ली तिथून तिलकच निघू लागला आहे. "बाबूजी, ये लगा के निकलो तो घाट में गाड़ी अटकती नी. हमने तो आगे वालों को भी बोल रखा है."

म्हणजे ज्या खुणेवर वन्संचं घर टिकायचं होतं ती आग्र्यापासून मुंबईपर्यंत लोकांच्या कपाळावर फिरत होती. घरी जाऊन वन्संना सांगितलं. त्या नुकत्याच गोठ्यातून आल्या होत्या. त्यांच्या कपाळावरही होता.

"वन्सं, तुम्हीसुद्धा?"

"मग काय, रंग लावलाय म्हणून लक्ष्मी उठून गेली?"

आजोबांनी पुठ्ठ्यावर पाटी लिहिली, "कृपया गाय को पीछे से प्रणाम न करें," आणि ती गाईच्या वाटेवर लावली. ती वाचायला लोक थांबू लागले आणि थांबलेच आहेत तर हात लावू लागले. मग संध्याकाळी मी स्वतः रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसले. मला बेशिस्त सहन होत नाही हे तुम्ही जाणता. मी लोकांना पुढच्या बाजूला पाठवू लागले.

"आगे से, भाईसाहब."

"माताजी, लक्ष्मी पीछे है. आगे से क्या मिलेगा?"

"आगे से भी यही गाय है."

कोणाला पटलं नाही. उलट इस्त्रीची साडी नेसलेली बाई खुर्ची टाकून बसली आहे म्हटल्यावर काहीतरी खास असणार, असा समज झाला आणि रांग लागली. एकाने मला प्रसाद किती वाजता मिळेल ते विचारलं.

तोडगा वन्संनी काढला. त्या म्हणाल्या, "लोकांना हात लावायला काहीतरी द्या ना. गाय केवढी मोठी आहे." आजोबांनी गाईच्या वशिंडावर, म्हणजे मानेमागच्या उंचवट्यावर, दुसरा पट्टा मारला, चांगला ठळक. तो लोकांसाठी. मागचा, बारीक, तो गाईंसाठी. पुजाऱ्यांना बोलावून वन्संनी त्यांच्याकडून वदवून घेतलं की वशिंडातही देव असतात. पुजारी आढेवेढे घेत होते, पण वन्संच्या लोणच्याची बरणी त्यांच्याकडे होती. दुसऱ्या दिवसापासून रांग पुढून जाऊ लागली. मी फक्त "एक-एक करके" म्हणायची. वशिंड रोज संध्याकाळी कोरं व्हायचं, मागचा पट्टा जसाच्या तसा.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी गाईने वैरणीला तोंड लावलं नाही. हंबरली मात्र नाही. वन्सं म्हणाल्या, पोट बिघडलं असेल. आजोबा म्हणाले, आज हिच्याबरोबर जाऊ. आम्ही दोघं घडीच्या खुर्च्या घेऊन माळावर गेलो आणि शेजाऱ्याच्या गाईंमध्ये बसलो. ऊन चढायच्या आत शेजाऱ्याची काळी गाय आली, आमच्या गाईच्या पाठीवर हनुवटी टेकली आणि चढली. आमची गाय समोर बघत उभी राहिली, जशी काही बसची वाट बघते आहे. काळी उतरली तेव्हा मागचा पट्टा पुसलेला होता. आजोबा उभे राहिले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बघितलंस? घासला की जातो." इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात असा भर उन्हात धरला नव्हता.

डॉक्टर नसलेला फोनवर ऐकेना. मी फोन घेतला आणि सांगितलं की मी स्वतः पाहिलं आहे. "गाय खड़ी रही?" "खड़ी रही." "कोई दर्शन वाला तो नी था?" "सिर्फ हम दोनों थे." तो संध्याकाळी आला, तपासलं, काचेसारखी स्वच्छ, चिकट स्रावाची तार दाखवून म्हणाला, "हाँ, आज अंदर कुछ चल रिया है." आणि काम केलं.

तीन आठवडे झाले, मग सहा. त्या काळात वन्सं मागच्या पट्ट्याकडे बघायच्या नाहीत, मला बघायला लावायच्या. पट्टा पुसला गेला असता तर गाय पुन्हा माजावर आली, म्हणजे प्रयत्न फुकट, असा त्याचा अर्थ होता. पट्टा राहिला. तरी वन्सं हरखल्या नाहीत. त्यांनी उरलेल्या दोन बरण्याही वाटून टाकल्या.

संक्रांतीला मुलगा आला. आईच्या पाया पडला, आजोबांच्या पडला, आणि सवयीने गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीमागे हात लावून कपाळाला लावला. त्याच हिरव्या कपाळाने तो लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगला बसला आणि तिकडून सगळे का हसताहेत ते त्याला कळेना. मीटिंग संपेपर्यंत डॉक्टर नसलेला आला. हात आत घालून बराच वेळ आकाशाकडे बघत राहिला. वन्सं चौकटीला धरून उभ्या होत्या. मुलगा म्हणाला, "आई, काहीही निघालं तरी..." वन्सं म्हणाल्या, "तू गप बस."

"गाभण है, माताजी. पक्की."

मुलाने आईकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं आणि मोबाइल घेऊन अंगणात गेला. आईचं बेंगळुरूचं तिकीट आधीच काढलेलं होतं, ते त्याने रद्द केलं. वन्संनी फक्त तिळगूळ आणून गाईला दिला, मग डॉक्टर नसलेल्याला.

आता पट्ट्याची गरज उरली नाही, निदान मागच्या. पण दोन दिवस रंग लावला नाही तर हॉटेलवर तक्रार आली की तिलक का बंद झाला. म्हणून आजोबा अजून वाट्या मांडून बसतात आणि महिन्यातून एकदा डबा घेऊन मानपुरला जातात. फोटो आता पोटाचे येतात. काकू हात जोडतेच.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं मोठी पिशवी घेऊन निघाल्या. मी विचारलं कुठे, तर म्हणाल्या, "बरण्या परत आणते." मी सोबत गेले. पुजाऱ्यांनी निमूटपणे काढून दिली. हॉटेलवाला ओशाळला. "बाई, आधा तो खतम हो गया."

"आधा दे," वन्सं म्हणाल्या. "मैं यहीं रहने वाली हूँ."