गॅसबत्तीखाली फुटलेला गुलाबी

पंचगंगेच्या घाटाच्या जरा वरच्या अंगाला बादशहा रंगारी राहायचा. कोल्हापुरात तेव्हा शाहू महाराजांचं राज्य होतं, आणि रस्त्यात उघड्या डोक्याचा माणूस दिसला तर लोक थांबून विचारायचे, घरात कोण गेलं म्हणून. असल्या शहरात फेटे रंगवणाऱ्याला कामाचा तोटा नव्हता. पण बादशहाचा जीव अडकला होता तो एकाच घरात. सयाजीराव इनामदारांच्या घरचे फेटे त्याच्या आजानं रंगवले, बापानं रंगवले, आणि आता तो रंगवत होता. दसऱ्याला इनामदार सोनं लुटायला निघाले, की बादशहा गर्दीच्या मागं उभा राहून त्यांच्या तोंडाकडं न बघता डोक्याकडं बघायचा. तो फेटा दुसऱ्याच्या हाताखालून गेला तर आपण रंगारी म्हणवून घ्यायचं कशाला, असं तो बायकोला, हाफिजाला म्हणायचा.

"अवं, फेटा त्येंचा, डोस्कं त्येंचं," हाफिजा म्हणायची, "आन मान ताठ करून चालताय तुमी!"

त्याच्या घरात एक रीत होती. रंग बघायचा तो सकाळीच. सूर्य नदीवर हातभर आला, की भिंतीच्या उत्तरेच्या सावलीत कापड धरायचं. तिथं थेट ऊन नाही आणि अंधारही नाही. निवळलेल्या पाण्यासारखा तो उजेड. दिवे लागल्यावर मात्र गठ्ठा सोडायचा नाही. बाप सांगून गेला होता, दिवा पिवळ्याला गिळतो आणि निळ्याला काळा करतो. त्याला रंगाची ओळख नसते. तिन्हीसांजेला कोण फेटा न्यायला आलं, तर बादशहा दारातूनच म्हणायचा, "पावणं, सकाळी या. आता रंग झोपला." लोक हसायचे, पण सकाळी यायचे.

बापाच्या काळात रंग फुलांचे, सालींचे, मुळ्यांचे होते. बादशहाच्या काळात विलायती पुडी आली. चिमूटभर घंगाळात टाकली की पाणी असं पेटायचं, की बघणाऱ्यानं हात मागं घ्यावा. बारा महिने एकच रंग, एकच तेज. बादशहाला ती आवडली आणि पुडीपायी फुलांची पोती माळ्यावर गेली. मग जर्मनीशी लढाई जुंपली. ती पुडी जर्मनीतनंच येते, हे बादशहाला पेठेतल्या व्यापाऱ्यानं सांगितलं तेव्हा कळलं. "जहाजं बंद हायत भाई. हाय त्येवढी जपून वापरा."

लढाई चालू असतानाच इनामदारांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी आजऱ्याकडची. त्या दोन्ही घरांत असं होतं, की लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष एकाच रंगाचे फेटे बांधायचे. कोण कुणाकडचा हे परक्याला ओळखू येऊ नये, आता सगळं एक झालं, असा त्याचा अर्थ. इनामदारांनी बादशहाला बोलावून सांगितलं, "गुलाबी. सगळी डोस्की एका फुलाची दिसली पायजेत."

निम्मे फेटे झाले आणि पुडी संपली. पेठ पालथी घातली, हुपरीपर्यंत माणूस धाडला. पुडी कुठंच नव्हती. तेव्हा बादशहानं माळ्यावरची करडईच्या फुलांची पोती खाली काढली. हाफिजानं ती फुलं पाण्यात तुडवली, पिवळं पाणी वाहून जाईपर्यंत तुडवली. मग पापडखार, मग लिंबाचा रस. रस पडला की घंगाळात आतून लाली उमलत वर यायची. बादशहानं ती किती तरी वर्षांनी बघितली आणि त्याला बापाचे हात आठवले.

पण पुडीचा गुलाबी आणि फुलाचा गुलाबी जुळवायचा होता. रोज सकाळी तो दोन तुकडे घेऊन उत्तरेच्या भिंतीला उभा राहायचा. आज लिंबू जास्त, उद्या हळदीचा थेंब, परवा आणखी एक बुडी. एके दिवशी त्यानं तुकडे शेजारी धरले आणि कुठला कुठला हे त्याचं त्यालाच कळेना. त्यानं हाफिजाला हाक मारली.

"सांग, फुलाचा कुठला?"

तिनं बोट लावलं. चुकलं. परत लावलं, परत चुकलं. बादशहा लहान पोरासारखा हसला. असा आनंद त्याला आयुष्यात फार वेळा झाला नव्हता.

"येकडाव कंदिलाखाली धरून बघायचं काय?" हाफिजा म्हणाली. "वरात सांजची हाय, म्हणून म्हनते."

त्याचं हसू गेलं. "दिव्याला रंग दाखवायचा? ह्या जोत्यावर? बा वर उठून येईल माझा!"

ती परत फुलं तुडवायला गेली. पुडीचे फेटे आधी वाळले होते, ते वरपक्षाच्या पेटीत गेले. फुलाचे मागून झाले, ते आजरेकरांच्या पेटीत. त्यात कुणाच्या मनात काही नव्हतं.

लग्नाच्या दुपारी सगळ्यांनी फेटे बांधले. मांडवाबाहेर उन्हात नुसता गुलाबी लोट उसळत होता आणि त्यात कुठंही सांधा दिसत नव्हता. नवरीचा चुलता, बाळासो, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं बादशहाच्या पाठीत थाप मारली. "रंगारी, आजऱ्याला येऊन ऱ्हा की! नावाचा न्हाय, खरा बादशा हायस!"

दिवस मावळला. वरातीला दरवेळी तेलाचे पलिते असायचे. औंदा इनामदारांनी हौसेनं मुंबईहून गॅसबत्त्या मागवल्या होत्या. माणसांनी त्या डोक्यावर घेतल्या, जाळ्या सूं सूं करत तापल्या आणि पांढरा, जरासा हिरवट उजेड माणसांवर पडला. लोक आधी बत्त्यांकडंच तोंड वासून बघत राहिले. मग कुणी तरी खाली बघितलं.

वरपक्षाचे फेटे होते तसेच होते, उलट जास्तच पेटले होते. आजरेकरांच्या डोक्यावर मात्र जुन्या विटेसारखं, पाण्यात पडलेल्या गंजासारखं काही तरी बांधलेलं होतं. मघाचा एक लोट मधोमध फुटला होता. कुठून कुठपर्यंत आजरेकर, हे आता लांबच्या गच्चीवरनंही मोजता आलं असतं.

"ह्ये काय रं ह्ये?" बाळासोनं शेजाऱ्याच्या डोक्याकडं बघितलं, मग आपला फेटा उतरवून बत्तीखाली धरला. "स्वतःला ताजं आन आमास्नी शिळं? पोरगी दिली म्हंजे डोस्कंबी दिलं व्हय आमी?"

इनामदार पुढं आले आणि एकदा त्या फेट्याकडं, एकदा आपल्या माणसांच्या डोक्यांकडं बघायला लागले. बादशहा गर्दीतून वाट काढत आला. "पावणं, रंग येकच हाय. अल्लाची आन. सकाळी उनात बघा."

"सकाळपत्तुर वरात हितंच हुबी करू व्हय?" बाळासो ओरडला, आणि त्याच्या माणसांत हशा पिकला. त्या हशात गंमत नव्हती. त्यानं फेटा बादशहाच्या पायांत टाकला. मग दुसऱ्यानं टाकला, मग तिसऱ्यानं. उघड्या डोक्यांचे आजरेकर लेकीच्या वरातीतून मयताला निघाल्यासारखे चालले, आणि डोलीत नवरी रडत होती ती वेगळ्याच कारणानं.

सकाळी बादशहा दोन्हीकडचा एकेक फेटा घेऊन इनामदारांच्या अंगणात गेला. उत्तरेची भिंत शोधली, सावलीत दोन्ही पदर शेजारी धरले. सयाजीरावांनी बराच वेळ बघितलं. हात लावून बघितलं.

"येकच हायत," ते म्हणाले.

"व्हय सरकार." बादशहाच्या जिवात जीव आला.

"दिसतंय की मला. पर बादशहा, माझी अब्रू काल बत्तीखाली गेली. हितं सावलीत न्हाय गेली." ते आत वळले आणि उंबऱ्यात थांबले. "दसऱ्याचं काम दुसऱ्याकडं देतोय. मनात काय धरू नगंस."

ते चिडले असते तर बादशहाला पाय धरता आले असते. ते चिडले नव्हते, आणि खोटंही बोलले नव्हते.

त्यानंतर बादशहानं रीत मोडली. संध्याकाळी काखेत चिंध्या घेऊन तो पेठेत जायचा आणि गॅसबत्ती लावलेल्या दुकानांपुढं उभा राहायचा. तिथं पसंत पडलेला तुकडा सराफाच्या रॉकेलच्या दिव्याखाली पिवळा पडायचा. दोन्हीकडं टिकलेला सकाळी भिंतीला धरला की मेलेला दिसायचा. लोक म्हणत राजवाड्यात विजेचे दिवे आहेत, त्यांचा उजेड आणखी निराळा. तो काही बादशहाला बघायला मिळाला नाही. दुकानदार सुरुवातीला चेष्टा करायचे, "काय भाई, बत्तीला सदरा शिवताय?" पुढं पुढं हाकलून द्यायला लागले.

हाफिजाला एका सांजेला तो म्हणाला, "रंग कापडात नसतोच गं. आमी तीन पिढ्या कापडात शोधला. त्यो उजेडात असतो, आन उजेड काय आपल्या घंगाळात मावत न्हाय."

ती चुलीपुढं बसली होती. "मग आता?" तिनं विचारलं. त्यानं चिंध्यांची गाठ मारली.

दसऱ्याला तो घराबाहेर पडला नाही.

दिवाळीच्या आधी शेजारच्या आळीतली झुंबरबाई विटलेलं लुगडं घेऊन आली. "भाई, ह्येला चांगला डाळिंबी चढवा. भावाकडं जायचं हाय."

एरवी त्यानं कापड चिमटीत धरून बघितलं असतं आणि तिला परवा सकाळी बोलावलं असतं. आता लुगडं मांडीवर घेऊन तो बसून राहिला.

"कुटं नेसणार?" त्यानं विचारलं. "उनात, का दिव्याला?"

"आता गं बया! लुगडं काय दिवा इचारून नेसत्यात व्हय?"

"कसला दिवा असतो भावाच्यात?"

झुंबरबाईनं हाफिजाकडं बघितलं. हाफिजा खाली मान घालून फुलं निवडत होती. "डाळिंबी म्हंजे डाळिंबी, भाई," झुंबरबाई सावकाश, आजाऱ्याशी बोलावं तशी म्हणाली. "तुमास्नी ठावं न्हाय व्हय डाळिंबी?"

बादशहानं वर बघितलं. दारात ऊन होतं, घंगाळात पाणी होतं, समोर कापड होतं. शेवटी त्यानं लुगड्याची घडी घातली, अगदी नीट, काठावर काठ आणून, आणि तिच्या हातात परत दिली.

"न्हाय," तो म्हणाला. "आता न्हाय ठावं."