पांढरीचं पोट

घोडी अंगणाच्या मधोमध आडवी झाली आणि मी तिच्या पाठीत बांबू घातला. आमचे मालक पुढून दोर ओढत होते. सून मागून शेपूट धरून तिला वर उचलायला बघत होती. घोडीने मान जमिनीवर टाकली होती आणि ती पाय झाडत होती. अंगभर घाम, हात लावला की हाताला फेस लागायचा.

"लोळू देऊ नको तिला," मालक म्हणत होते. "लोळली की आतडं पिळंल. आतडं पिळलं की घोडी गेली."

मी आणखी एक बांबू घातला. ती उठली नाही.

सकाळची वेळ होती. भिंतीपलीकडच्या बिल्डिंगच्या खिडक्यांत लोक चहाचे कप घेऊन उभे राहिले. एक बाई वरून म्हणाली, "आंटी, बेचारी को मारते क्यों हो? सोने दो ना."

मी म्हटलं, "सोयेगी तो मरेगी." आम्हाला तेव्हा तसंच वाटत होतं.

खारी गावात आमची जागा एवढीशी आहे. पुढे घर, मागे पत्र्याची शेड, मध्ये अंगण, आणि तिन्ही बाजूंनी बिल्डिंगी. सासऱ्यांचा टांगा होता, आमच्या वरातीच्या घोड्या. एक तांबडी, एक पांढरी. सगळ्यांना पांढरीच हवी असते, म्हणजे घर पांढरीवर चालतं. ती गेली असती तर चूलच बंद झाली असती. मुलगा तांबडीला घेऊन वसईच्या लग्नाला गेला होता आणि तिकडेच राहिला होता. त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

मी काही घोडेवाल्यांच्या घरातली नाही. माझं माहेर रायगडातलं, आमच्याकडे शेळ्या होत्या. चौथी झाली आणि शेळ्यांमागे गेले. घोडा जवळून पाहिला तो लग्न झाल्यावर. पहिल्यापासून मला एका गोष्टीचं नवल वाटत आलं आहे, ती म्हणजे घोड्याला उलटी होत नाही. कुत्रं ओकतं, मांजर ओकतं, माणूस तर ओकतोच. घोड्याने खाल्लेलं मात्र पुढेच जायला हवं. अडकलं की संपलं. एवढं मोठं जनावर, आणि मरतं पोटदुखीने. असं का, म्हणून मी एकदा आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घोड्याच्या पोटाचं तोंड एकाच बाजूने उघडतं. मी म्हटलं, असं कोणी करून ठेवलं? ते हसले.

म्हणून मी रोज सकाळी दोघींच्या बरगड्यांमागे कान लावते. आत पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. कधी गडगडतं, कधी लांबून गाडी गेल्यासारखं वाटतं. आवाज येतोय म्हणजे पोट चालू आहे. मग लीद बघायची, आणि मग चहा.

आमच्या धंद्यात पोटाची भीती डाळीमुळे. नवरा घोडीवर बसायच्या आधी त्याची बहीण घोडीला भिजवलेली चण्याची डाळ भरवते. मारवाडी, गुजराती, यूपीवाले सगळे करतात. आता व्हिडिओ बघून मराठी लोकही करायला लागलेत. एक मूठ असेल तर काही होत नाही. पण सख्खी बहीण एक असली तरी चुलत, मावस, मामेबहिणींना मोजदाद नसते, आणि प्रत्येकीला फोटो हवा असतो. शकुनाचा हात घोडेवाल्याने मागे ढकलायचा नसतो. एखाद्या घरात डाळ उशिरा भिजत घातलेली असते, ती पोटात जाऊन फुगते. आमची एक घोडी पूर्वी तशीच गेली. तेव्हापासून आमच्या घरात घोडी जरा अस्वस्थ दिसली की एकच शब्द निघतो, डाळ.

दुसरी गोष्ट चातुर्मासाची. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत, वराती नाहीत. घोड्या बसून खातात. दर वर्षी त्यांची पोटं सुटतात आणि हंगाम लागला की उतरतात. पांढरीला मागच्या हिवाळ्यात जत्रेतून आणली होती, तिचा आमच्याकडचा हा पहिलाच चातुर्मास. तिचं पोट जरा जास्तच सुटलं. पट्टा पोटाखालून आवळायला गेलं की पुरेना, मालकांनी त्याला नवी भोकं पाडली.

मी म्हटलं होतं, "अवो, हिचं पोट खाली उतरल्यासारखं दिसतंय."

"तुजंबी उतरलंय," ते म्हणाले. "मी बोललो का कवा?"

वर झूल घातली की पोट कोणाला दिसत नाही.

पांढरीची हंगामातली पहिली वरात आदल्या संध्याकाळी गोडदेवला होती. मालक घोडीबरोबर गेले होते. आल्यावर म्हणाले, बहिणी मोप होत्या. सकाळी मी शेडमध्ये गेले तर पांढरी पुढच्या पायाने जमीन उकरत होती. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची, बसायची, उठायची, पुन्हा बसायची. मालकांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "डाळ."

मी कान लावला. आत आवाज होता, भरपूर होता. मागे ताजी लीदही पडली होती. हे मला जुळेना. पोट अडकलं असेल तर पोट बोलतं कसं? मी तसं म्हटलं.

"तू कान लावून बस," मालक म्हणाले. "मी तिला फिरवतो."

पोट दुखणाऱ्या घोडीला चालतं ठेवायचं, बसू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आम्ही पाळीपाळीने तिला अंगणात गोल फिरवलं. ती बसायला बघायची, आम्ही तिला ओढून उठवायचो. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी आम्ही फिरवतच होतो. मग ती आडवी झाली आणि मी बांबू घेतला.

शेवटी सुनेने डॉक्टरांना फोन लावला आणि तो दगडावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. डॉक्टर गाडीतच होते, पण काशीमिऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते.

"आजी, लीद टाकलीय का तिने?"

"टाकली."

"पोटात आवाज?"

"लई आवाज हाय."

मग म्हणाले, "शेपूट उचला आणि खाली काय दिसतंय ते सांगा."

फोन लावायचा वेळ सोडला तर शेपूट मघापासून सुनेच्याच हातात होतं. पण लाथ बसेल म्हणून तिने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. मी जाऊन बघितलं. पांढुरकी पिशवी बाहेर आली होती आणि पिशवीत काहीतरी होतं.

"पाय हाय," मी म्हटलं.

"कोनाचा?" मालकांनी विचारलं.

मी बांबू टाकला.

जत्रेतल्या माणसाने आम्हाला सगळं सांगितलं होतं. वय, खोडी, बँडला बिचकते का, फटाक्यांना बिचकते का. जे विचारलं ते सगळं. गाभण आहे का, हे कोणी विचारलंच नव्हतं. इथे आमच्याकडे घोडाच नाही, मग तो विचार डोक्यात येणार कुठून?

"दोर सोडा," डॉक्टर म्हणाले. "पडू दे तिला. पाय किती दिसतात?"

"एक."

"दोन दिसायला हवेत, आणि त्यांच्यावर नाक. साबणाने हात धुवा, तेल लावा, आत हात घालून बघा. ती कळ देईल तेव्हा थांबायचं. जोर करायचा नाही."

मालकांचा पंजा मोठा. सुनेने असं कधी केलं नव्हतं. शेळ्यांची अडलेली पिल्लं मी माहेरी काढली होती, म्हणून मी बसले. आत फार गरम होतं. कळ आली की हात असा आवळला जायचा की बोटं आपली आहेत की नाहीत ते कळायचं नाही. कळ गेली की पुढे सरकायचं. नाक लागलं. मग दुसरा पाय लागला, गुडघ्यात मुडपून मागे गेलेला. त्याच्यावरून हात खाली नेला तर टोकाला खूर नव्हता. माकुळी मासळीची असावीत तशी मऊ, लिबलिबीत बोटं होती.

"डॉक्टर, खूर न्हाय. बोटं हायत."

"खूरच आहे तो, आजी. आईच्या पोटात ओरखडा नको म्हणून टोकाला मऊ असतो."

मी पुन्हा चाचपलं. मऊ बोटांच्या मागे खरंच टणक लागत होतं. इतकी वर्षं घोड्यांचे पाय धुतले, नालबंदासमोर पाय धरून बसले, आणि हे मला माहीत नव्हतं.

"आजी, आहात ना?"

"बघतेय."

त्यांनी सांगितलं तसं मी पिल्लाला जरा मागे रेटलं, खूर तळव्यात घेतला आणि पाय फिरवून पुढे आणला. तो सरळ झाल्याचं हाताला कळलं. मग मालकांनी आणि मी दोन्ही पाय धरले, आणि ती कळ देईल तेव्हाच खालच्या अंगाला ओढलं. डोकं आलं, खांदे आले, मग सगळंच एकदम घसरून बाहेर आलं. मी मागे पडले.

शिंगरू काळं होतं.

"ही पांढरी, आनि ह्ये काळं?" मालक म्हणाले. पांढऱ्या घोडीचं पिल्लू बहुतेक काळंच जन्मतं आणि वयाबरोबर पांढरं होत जातं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. घोडी स्वतःही तशीच जन्मली असणार.

शिंगराने श्वास घेतला नाही. मी नाकातला चिकटा काढला, नाकपुडीत काडी घातली. मालकांनी पोत्याने अंग चोळलं, छाती दाबली. वरच्या बाईने खाली येऊन न विचारता गरम पाण्याची बादली आणि दोन टॉवेल दिले. आम्ही बराच वेळ चोळत बसलो. घोडीने एकदा मान वळवून बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली.

डॉक्टर आले. त्यांनी शिंगराच्या छातीला नळी लावली आणि काढली.

मी विचारलं, "आम्ही फिरवलं, म्हणून?"

"लवकर आडवी होऊ दिली असती तर कदाचित वाचलं असतं," ते म्हणाले. "पण पाय असाच मागे असता तर तेव्हाही अडकलंच असतं."

मालक दोराची गुंडाळी करायला लागले.

घोडीचं अजून काही सांगता येत नव्हतं. वार, म्हणजे पिल्लाबरोबरची पिशवी, पडली नव्हती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं की ओढायची नाही, आपोआप पडू द्यायची, तुकडा आत राहिला तर विष पसरतं, खूर तापतात आणि घोडी पायांतून जाते. मी तिच्याजवळ बसून राहिले. ती उठली, उभी राहिली, पाणी प्यायली नाही. दुपारी वार पडली. डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी ती फरशीवर पायजम्यासारखी पसरली, एक पाय लांब, एक आखूड, आणि दोन्ही टोकं बोटाने चाचपून बघितली. मीही वाकून बघितली. फाटलेली कुठे नव्हती.

"पूर्ण आहे," ते म्हणाले.

शिंगराला न्यायला गाडी यायची होती. तोवर मी त्याचा पाय हातात घेऊन उजेडात बघितला. ती बोटं पिवळसर होती, आता थोडी सुकायला लागली होती.

"ही अशीच राहतात का?" सुनेने विचारलं.

"जमिनीवर चाललं की झिजून जातात," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी पांढरी अर्धी बादली पाणी प्यायली आणि तिने मूठभर ओलं गवत खाल्लं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मालकांनी तिच्या खुरांना हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. मी बरगडीमागे कान लावला. आवाज होता.

"डाळ न्हवती," मालक म्हणाले.

"न्हवती," मी म्हटलं.

शिंगरू गेलं. घोडी जगली.