माझ्या दारातला कोरडा बोअर

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोटच्या लेकीपाशी नाही. परवा सुभेदार भाऊजींची शोकसभा झाली. वाटलं होतं, तिथं तरी तोंडातून निघेल. कुठलं काय! तिथं तर मी आणखी एकदा — पण थांबा, भाऊजी कोण ते आधी सांगते.

विश्वनाथ सुभेदार, आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. पलटणीत पूल बांधायचे. लढाईत डाव्या हाताची दोन बोटं गेली. पेन्शनीत आल्यावर इकडंच, पाण्याच्या कामावर इंजिनिअर म्हणून लागले. अडलेली बाई रेणापूरला, नाहीतर थेट लातूरला न्यायची असली की सरकारी जीप दारात उभी. रविवारी देवळाच्या ओट्यावर पोरींना गणित शिकवायचे. माझी लेक तिथंच शिकली. आज ती इंजिनिअर आहे. असा माणूस, बघा. आणि मी त्यांचं काय केलं?

त्या साली लातूर नवानवा जिल्हा झाला होता. लोक म्हणायचे, कलेक्टर जवळ आला, आता पाणीबी येईल. पाणी कुठलं यायला? दुष्काळाचं लागोपाठ दुसरं साल. गावच्या विहिरीचा तळ दिसत होता. आम्ही बाया कोसभर लांब मळ्यातल्या विहिरीवर जायचो. मला पाचवा महिना. माझ्या पुढं-मागं खालच्या आळीतली गयाबाई असायची, एका पायानं लंगडत. वाट एकच, पण विहिरीवर उभं राहायची जागा वेगळी. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटायचं नाही — हेही खरंच सांगायला पाहिजे.

गावाला एक बोअर मंजूर झाला. एकच. भाऊजी तीन दिवस जमिनीत तारा खोचून, डब्यातला काटा बघत, पाणी हुडकत उन्हात हिंडले. शेवटी त्यांनी चुन्याची फुली मारली आणि खुंटी ठोकली — गयाबाईच्या दारासमोर. सासूबाईंनी मला बजावलं, खालच्या आळीतलं पाणी आपल्या देवाला चालायचं न्हाई. म्हणजे गावात पाणी येणार, आणि मी पोट घेऊन कोसभर चालतच राहणार. लई राग आला मला. कुणाचा? सासूचा यायला हवा होता, नाही का? तिच्यापुढं मान वर करायची हिंमत नव्हती माझी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलं होतं. मी खालच्या आळीत गेले. खुंटी उपटली. फुलीवर माती लोटली. आणि आमच्या दारासमोर — घरातलाच चुना, घरातलाच वरवंटा — फुली मारून खुंटी ठोकली. सत्तर पावलांनी काय फरक पडतो, म्हटलं. पाणी काय एका खुंटीखालीच असतं?

सकाळी मशीन आली. नेमकं भाऊजींना लातूरला मीटिंगचं बोलावणं. मशीनवाले तमिळ, त्यांना मराठी येईना. खुंटी दिसली, तिथं मशीन लावली. सासूबाईंनी नारळ फोडला. दिवसभर पांढरी धूळ उडाली. पाण्याचा टिपूस नाही. मशीन निघून गेली. गयाबाई आमच्या दारात उभी राहून विचारत होती, काल तर माझ्या घरापुढं होती खुंटी, हिकडं कशी आली?

भाऊजी दिवस मावळायला आले. मला ओट्यापाशी बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वैनी, खुंटी कुणी हलवली? तुम्ही बघितलं असंल."

मी म्हणाले, "न्हाई भाऊजी. कुणीबी आलं न्हाई."

वरवंटा ओट्याखालीच पडला होता, चुन्यानं माखलेला. त्यांनी उचलला. रुमालानं नीट पुसला. माझ्या पोटाकडं एकदा बघितलं आणि वरवंटा माझ्या हातात दिला. "आत ठेवा," म्हणाले. मग जमलेल्या लोकांकडं वळले आणि सांगितलं, "खुंटी मीच हलवायला लावली. चुकलं माझं."

झालं! साहेबानं भावकीच्या दारात पाणी नेलं, असं सगळी खालची आळी म्हणायला लागली. दोन वर्षांनी दुसऱ्या साहेबानं गयाबाईच्या दारात बोअर घेतला, तर भरपूर पाणी लागलं. मग तर शंकाच उरली नाही. गयाबाईनं तिच्या पोरीला रविवारच्या गणिताला पाठवायचं बंद केलं होतं, ते कायमचंच. भाऊजी दोनदा तिच्या दारात गेले. तिनं कवाड उघडलं नाही. तिची पोर हुशार होती हो, माझ्या लेकीपेक्षा हुशार. पुढं ती मजुरीलाच गेली.

परवाच्या सभेत मला दोन शब्द बोलायला लावलं. मी बोलले. पलटण, जीप, गणित, सगळं बोलले. लोकांनी डोळे पुसले. बाहेर येते तर गयाबाई काठी टेकून उभी. इतक्या वर्षांनी ती त्यांच्यासाठी आली होती.

"मानूस चांगला होता," म्हणाली. "तेवढं एक त्या बोअरचं वाईट केलं त्यानं."

मी म्हणाले, "व्हय."

एवढंच म्हणाले मी. माणूस जाऊन बारा दिवस झाले होते, आणि मी पुन्हा त्यांच्याच माथी मारलं.

त्या कोरड्या बोअरचा वर आलेला पाइप अजून माझ्या दारात आहे. त्याला शेळी बांधते मी. तिथून गयाबाईचं घर दिसतं. सत्तर पावलं आहेत. अजून मी गेलेली नाही.