केंदूरच्या दूध डेअरीतलं हळू मशीन

परवा दुपारी केंदूरला जाऊन आलो. टाळतच होतो खरं तर... सागर गेल्यापासून त्या घराची पायरी चढवत नाही.

सागर माझा मित्र. कोरेगाव भीमाजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला, त्याला आता वर्ष होत आलं. त्याचे वडील, आप्पा, घराला लागूनच गावाचं दूध संकलन केंद्र चालवतात. तिथला दुधाच्या नोंदीचा जुना कॉम्प्युटर सागरनेच विंडोजऐवजी लिनक्स टाकून कसाबसा चालता ठेवला होता.

आप्पांचा फोन आला होता. "मशीन सुरू व्हायलाच लई येळ लावतंय रं. लाईट जाती, येती, आन् दर टायमाला लोकं कॅन घेऊन ताटकळत उभी. काही घरं गेली बी दुसऱ्या डेअरीला." मुलगा गेला, आता केंद्रही हातचं जातंय की काय, ही भीती आवाजात स्पष्ट ऐकू येत होती.

नवीन घ्या, असा सल्ला कुणीकुणी देऊन गेलं होतं म्हणे. सल्ला द्यायला काय जातं! लिनक्स दिसलं की आमच्याकडचे निम्मे दुकानदार हात वर करतात आणि वर मशीनलाच नावं ठेवतात. माझं स्वतःचं शिरूरला दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून हा राग जरा जास्तच...

गेल्या गेल्या मशीन चालू केलं. सुरू होताना कुठल्या कामाला किती वेळ गेला, हे लिनक्स एका कमांडमध्ये सांगतं. बाकी सगळं ठीक होतं, एकाच जागी ते अडून बसत होतं.

रॅम कमी पडते म्हणून सागरने आत दुसरी एक हार्ड डिस्क बसवली होती आणि तिच्यावर जादा मेमरीची सोय केली होती. मशीन दर वेळी ती डिस्क शोधायचं, वाट बघायचं आणि नाही सापडली की मग पुढे जायचं. कॅबिनेट उघडलं तर डिस्कच नाही, नुसती वायर लोंबतेय.

"आप्पा, यातली डिस्क कुणी काढली?" आप्पांना काहीच माहीत नव्हतं. दारात सागरची आई उभी होती. काकू म्हणाल्या, "म्या काढून घेतली. भाच्याला सांगून."

दहावा-तेरावा झाल्यावर पाहुण्यांनी सागरचे कपडे, बूट, सगळं वाटून टाकायला लावलं होतं. त्याचे फोटो त्या डिस्कमध्ये आहेत, एवढं काकूंच्या कानावर होतं. तेवढं तरी कुणी नेऊ नये म्हणून त्यांनी ती साडीत गुंडाळून कपाटात ठेवली. फोटो मात्र अजून एकदाही बघितलेले नाहीत...

मी म्हणालो, परत बसवतो, मशीनही पळेल आणि फोटोही दिसतील. काकूंनी मान हलवली. "नगं. माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

मग दुसरा मार्ग. सुरू होताना काय काय शोधायचं हे एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं, तिथली ती एक ओळ बंद करायची. सागरनेच टाइप केलेली ओळ... पुसली नाही, तिच्याआधी एक खूण टाकून नुसती बंद केली.

मशीन इतके दिवस डिस्क शोधत बसायचं, आता शोधणार नाही, असं आप्पांना समजावून सांगितलं. तेवढ्यात काकू पुढे आल्या. "रोज शोधत हुतं व्हय रं? मला कुणी बोललंच न्हाई... म्या येऊन सांगितलं असतं, हाय म्हणून. घरात हाय."

आप्पा उठून बाहेर गेले. मी मशीन बंद करून परत चालू केलं, चटकन सुरू झालं. संध्याकाळच्या दुधाला कुणाला थांबावं लागलं नाही, आप्पांनी रात्री तसा फोनही केला.

केंद्र चालेल आता, त्याचं समाधान आहे. पण सागर गेल्याचं त्या घरात फक्त त्या मशीनला कळलं नव्हतं... तेवढं मी जाऊन सांगून आलो.