चोरबटन

अण्णा गेल्यावर महिन्याभरानं मी त्यांच्या गाडीची बॅटरी काढून शेजाऱ्यांना देऊन टाकली. का दिली, ते मी कुणाला सांगितलं नाही. शेजाऱ्यांना वाटलं, बाई मोठ्या मनाची आहे.

खरं कारण असं की रोज सकाळी पावणेसातला पोर्चमधून स्टार्टरचा आवाज यायचा. खर्र-खर्र-खर्र. मग थांबायचा. थोड्या वेळानं पुन्हा. असं तीनदा. मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं बसल्यावर माणूस समोरच्या सहीलाही मानत नाही. तरी हातातला चहा ठेवून मी पोर्चमध्ये जाऊन बघायचे. गाडी खोळीखाली तशीच असायची, कुणी शिवलेलं नसायचं. बॅटरी काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी पावणेसातला आवाज आलाच.

तो आवाज कुठला होता, ते मला पक्कं ठाऊक होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आई लवकर गेली, मी लग्न केलं नाही, तेव्हा पडेगावच्या घरात आम्ही दोघं आणि ही गाडी. माझ्या दहावीच्या वर्षी घेतलेली, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली, रंग कधीकाळी पांढरा. अण्णा जायच्या आधी चौदा महिने ती बंद पडली. चाकं, इंजिन, सगळं जागेवर, स्टार्टर फिरायचा, पण सुरू म्हणून व्हायची नाही. आणि ते चौदा महिने अण्णा रोज पावणेसातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसायचे आणि किल्ली फिरवायचे. तीनच वेळा. जास्त फिरवली तर इंजिनात पेट्रोल साचतं, हा त्यांचा जुना नियम. बाकी काय काय विसरले, पण हा नियम विसरले नाहीत. बॅटरी उतरली की कोपऱ्यावरून चार्ज करून आणायचंही विसरले नाहीत.

मला गाडी बंद पडल्याचं दुःख नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं. त्याच्या आठवडाभर आधी अण्णा शहागंजला भाजी आणायला म्हणून निघाले आणि संध्याकाळी परत आले ते थेट फर्दापूरहून. जाऊन येऊन दोनशे किलोमीटर. "जुन्या ऑफिसकडं चक्कर मारून आलो," म्हणाले. नोकरीच्या काळात ते तिथं होते, त्यामुळं मीही मान डोलावली. पिशवी रिकामी होती, म्हणून मी भाजीवरून तेवढी कटकट केली.

म्हातारपणी माणसं विसरतात हे मला दिसत होतं. मी त्याला हट्ट म्हणत होते. साखर दोनदा घातली की हट्ट. तेच तेच विचारलं की हट्ट. आणि सकाळची ती खर्र-खर्र तर डोक्यात जायची. मला आठच्या आत डबा करून निघायचं असायचं. एका सकाळी दूध उतू गेलं आणि मी तशीच हातात फडकं घेऊन बाहेर आले.

"अण्णा, मेलीय ती गाडी. तुम्हीच मारली तिला. रोज तीच किल्ली, तीच खर्र-खर्र. जरा दुसऱ्या जिवाचा विचार करा."

अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "व्हय माय, माझ्याच हातानं बिघडली असंल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि बसले. पण किल्ली अगदी हळू, अवघडून फिरवली, घरात आवाज जाऊ नये म्हणून. स्टार्टर काय हळू फिरतो का? पुढं सात महिन्यांनी ते झोपेतच गेले.

तर माझा हिशोब सरळ होता. गाडी एकदा नीट सुरू झाली की हा आवाज थांबेल. आणि गाडी कुठल्याशा क्षुल्लक कारणानं, आपोआप बिघडली होती असं कळलं, तर ते वाक्यही माझ्या मानेवरून उतरेल. कारण मेकॅनिक बोलावायचं काम माझं होतं, आणि मी चौदा महिन्यांत एकदाही बोलावला नव्हता.

शहरातल्या जुन्या गाडीवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात मी शिरले. तीस-चाळीस पुरुष आणि मी एकटी बाई. मी लिहिलं, स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. पाच मिनिटांत सतरा उत्तरं आली, त्यातली सोळा एकमेकांच्या विरुद्ध. सतरावं उत्तर होतं: "ताई, एकही पार्ट विकत घेऊ नका. रविवारी येतो."

या लोकांची एक रीत आहे. आजारी गाडीला नवा भाग घ्यायचा नाही. आधी कुणाच्या तरी चालत्या गाडीतला काढून लावून बघायचा. गाडी सुरू झाली तर दोष सापडला, नाही झाली तर पुढचा भाग. तोवर देणाऱ्याची गाडी रस्त्याच्या कडेला उघडी पडलेली. घरच्या माणसानं फक्त पोहे करायचे.

रविवारी दोघं आले. एक दातांचे डॉक्टर, हातात सतत फडकं असलेले. दुसरे दौलताबाद रस्त्याला सीताफळाची बाग असलेले एक बागाईतदार, धिप्पाड आणि बोलघेवडे. डॉक्टरांनी आपली बॅटरी काढून आमच्या गाडीला लावली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. खर्र-खर्र-खर्र. अण्णा गेल्यावर आठ महिन्यांनी खरा आवाज ऐकला. मी किल्ली एकदम सोडून दिली.

"काय झालं ताई? भ्याला का?" बागाईतदार म्हणाले. "लई चांगला फिरतोय की. पेट्रोल येतंय. प्लगला ठिणगी नाय, एवढंच."

मग त्यांनी आपल्या गाडीची, प्लगला ठिणगी देणारी कॉईल काढून लावली. ठिणगी नाही. डॉक्टरांनी छोट्या बल्बला दोन वायरी जोडून तपासलं, तर कॉईलपर्यंत करंटच पोचत नव्हता. ते डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवे झाले. बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते. मग आतून म्हणाले, "इथं एक वायर जास्तीची आहे. कंपनीची नाही."

बागाईतदारांनी वाकून बघितलं. वायर लाल होती आणि चटईखाली गेली होती. जोडाला चिकटपट्टी नव्हती, मेण लावलेला दोरा गुंडाळून बारीक गाठ मारली होती. त्यांनी ती गाठ पाहिली आणि हात मागं घेतला.

"हे काम चाचाचं हाय. चोरबटन हाय हे."

मला काही कळेना. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. जुन्या गाड्यांची कुलपं कुठल्याही किल्लीनं उघडतात. म्हणून गाडीत कुठंतरी एक लपवलेलं बटन बसवतात. ते बंद केलं की चोरानं कितीही किल्ली फिरवली तरी स्टार्टर फिरतो, गाडी सुरू होत नाही. शहरातल्या जुन्या गाड्यांपैकी निम्म्यांची चोरबटनं शहागंजच्या वायरिंगवाल्या चाचांनी बसवलेली. ते टेप वापरत नाहीत, आपल्याकडच्या उन्हात गोंद वितळतो म्हणून.

"मग शोधा की बटन!" मी म्हणाले. "वायर तर दिसतेय."

डॉक्टर फडक्यानं हात पुसू लागले. वायरीमागं जाणं दोन मिनिटांचं काम होतं. तो जोड सोडून सरळ तार लावली असती तरी गाडी सुरू झाली असती.

"ताई, दुसऱ्याच्या गाडीतलं चोरबटन हुडकत नसतेत," बागाईतदार म्हणाले. "मालक सांगंल तर सांगंल. नायतर बसवणाऱ्याला इचारायचं."

"मालक वर गेलेत. आता मीच मालक आहे!"

"व्हय. मग तुम्ही इचारा चाचाला."

मला असा संताप आला. दोन शहाणेसुर्ते पुरुष, पोहे खाऊन, रोग सापडल्यावर हात झटकून उभे! पण ते हलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, बॅटरी राहू द्या, मी रिक्षानं जातो. बागाईतदारांनी आपली कॉईल मात्र परत घेतली, आमची जुनी चांगलीच होती.

चाचांना मी लहानपणापासून ओळखत होते. अण्णा गाडीच्या वायरीला त्यांच्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत. अण्णांच्या वेळी स्मशानातही आले होते, लांब उभे होते. सोमवारी बँकेतून सुटल्यावर शहागंजला गेले. दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो. चाचा मागच्या बाजूला खुर्चीवर होते. हात थरथरत होते, त्या हातांनी आता दोरा ओवणं शक्य नव्हतं.

मी म्हणाले, "चाचा, अण्णांच्या गाडीत तुम्ही चोरबटन बसवलंय."

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मग म्हणाले, "बेटी, फार उशीर केलास. आणि मीपण."

अण्णा फर्दापूरहून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी चाचांकडं गेले होते. "मेरेकू बोले, मी भाजी आणायला निघालो होतो रे. होश आला तेव्हा फर्दापूरच्या फाट्यावर होतो. इथं कसा आलो, ठाऊक नाय. मधला रस्ता कोणी चालवला, ठाऊक नाय. कुणाला ठोकलं तर नाय ना, म्हणून पूरी गाडी चारी बाजूनं बघितली, बोले. मग बोले, गाडीत बटन बसव. आणि कुठं बसवलं ते मला सांगू नको."

"त्यांना स्वतःलाच?"

"हौ. बोले, उद्या मी हेपण विसरणार. विसरून तुझ्याकडं येणार, विचारणार. पाया पडलो तरी सांगू नको. कसम घातली मला. मग आठवड्यानं, तू बँकेत असताना, तुमच्या घरी येऊन बसवलं आणि बंद करून निघालो."

आणि अण्णा खरंच विसरले. बटन बसवल्याचंच विसरले. मग चाचांना फोन करायचे, गाडी सुरू होत नाही, येऊन बघून जा. "मी बोलायचो, उद्या येतो. चौदा महिने मी उद्या येतो बोललो, बेटी. एकदा फोनवर रडले. बोले, माझ्या हातानं बिघडली रे, पोरगी बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडेगावला आलो होतो. तुमच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. ते किल्ली फिरवत होते. बस, आत हात घालायचा होता मला. नाय घातला. तसाच माघारी आलो."

ज्या वाक्यापासून सुटायला मी हा सगळा उपद्व्याप केला, ते वाक्य शहागंजपर्यंत पोचलेलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. "मी घरातली ना? मी त्यांना काय काय बोलले, माहीत आहे तुम्हाला?"

"मी बोललो होतो त्यांना, बेटीला सांगतो. तर बोले, नको. तिच्यासमोर गाडी आजारी असू दे. मला आजारी नको करू."

चाचांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मलाही रडू आलं, दुकानात गिऱ्हाईक होतं तरी आलं. निघताना त्यांनी बटनाची जागा सांगितली. ड्रायव्हरच्या सीटखाली, पुढच्या पट्टीला, आतल्या बाजूनं. बसल्या जागी बोट घातलं तर लागतं.

म्हणजे चौदा महिने अण्णा त्या बटनावरच बसत होते.

घरी येऊन मी कपडेही बदलले नाहीत. गाडीत बसले, सीटखाली बोट घातलं. धुळीत एक बारीकसा खटका लागला. तो दाबला आणि किल्ली फिरवली. दुसऱ्याच फेरीला इंजिन पकडलं. सगळं पोर्च धुरानं भरलं, शेजारच्या काकू गॅलरीत आल्या, आणि ती गाडी आपली थरथरत चालू राहिली, जणू कालच भाजी घेऊन आली होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. मी पाच मिनिटं बसून राहिले आणि बंद केली. ग्रुपवर टाकलं, सुरू झाली. कुठं होतं बटन, असं एकानंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला आवाज आला नाही. माझा हिशोब बरोबर निघाला होता. मी ओट्याशी उभी राहून वाट बघितली. सात वाजले. घर इतकं गप्प होतं की फ्रिजची घरघर ऐकू येत होती. आवाज थांबावा म्हणून मी एवढी धडपड केली, आणि आता अण्णा नाहीतच, हे त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या दिवशी पावणेसातला मी बाहेर गेले. गाडीचं डावीकडचं दार उघडून शेजारच्या जागेवर बसले, ड्रायव्हरची सीट रिकामी ठेवली. हात लांब करून तिच्याखालचं बटन बंद केलं. मग किल्ली फिरवली. खर्र-खर्र-खर्र. थांबले. पुन्हा फिरवली. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा फिरवून सोडून दिली.

"राहू द्या अण्णा," मी म्हणाले. "तुमच्या हातानं काही बिघडलेलं नाही. गाडीच आजारी आहे."